आधी डोळे ते भिंत मोज

अगं, तो प्रोजेक्टरचा १२० इंची पडदा कार्टमध्ये टाकून ठेवलायस ना? राहू दे तिथेच, पैसे आत्ता भरू नकोस. तुझा मेसेज वाचला. १०० की १२० की १५०, थ्रो रेशो, लुमेन, गेन, शॉर्ट थ्रो, आणि शेवटी ‘ताई, डोकं फिरलंय माझं’. फिरणारच! विकणारे सगळे पडद्याच्या इंचांपासून बोलायला लागतात, आणि तूही बिचारी तिथूनच सुरुवात केलीस. आपण तुझ्या डोळ्यांपासून सुरुवात करू. रेसिंग गेमची रिग तयार आहे, खोली १० बाय १२ची ठरलेली आहे, म्हणजे निम्मं उत्तर घरातच आहे बघ.

आता उठ आणि रिगमध्ये जाऊन बस. नुसती टेकू नकोस. शर्यतीत बसतेस तशी बस, पाठ सीटला लावून, पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर. मग आईला हाक मार आणि तुझ्या डोळ्याच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप धरायला सांग. सीटच्या पाठीपासून मोजायचं नाही, स्टिअरिंगपासून तर नाहीच. माझ्या अंदाजाने दीड मीटरच्या आसपास भरेल. पेडल भिंतीला चिकटवून भागत नाही गं, मागून वायरी निघतात, पडद्याची फ्रेम भिंतीच्या पुढे येते, आणि ब्रेकवर पूर्ण जोर देताना पाय कशाला अडकायला नको असतो. चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर तिथेच जातात. पेडलपासून डोळ्यांपर्यंत आणखी मीटरभराहून थोडं जास्त. झाले दीड मीटर. तुझा आकडा १४० आला किंवा १६० आला तरी घाबरू नकोस, हिशेब तोच राहतो.

या दीड मीटरवर कुठला पडदा काय देतो ते बघ. ८० इंची पडदा १७७ सेंटीमीटर रुंद असतो, तो नजरेचे ६१ अंश व्यापतो. १०० इंची २२१ सेंटीमीटर रुंद, ७३ अंश. १२० इंची २६६ सेंटीमीटर रुंद, ८३ अंश. इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप असतं, त्यामुळे दुकानदाराला नेहमी रुंदी विचार, इंच नको. टेबलावरचा ३२ इंची मॉनिटर सत्तर सेंटीमीटरवरून बघतेस तेव्हा तुला जेमतेम ५४ अंश मिळतात. म्हणजे १०० इंचांवर गेलीस की खोलीच बदलल्यासारखं वाटणार आहे. त्यापुढे आणखी वीस इंच घेतलेस तर वर मिळतात दहाच अंश, आणि त्या दहा अंशांची किंमत बरीच आहे. ती सांगते, पण त्याआधी हे अंश कशाला हवेत ते नीट समजून घे.

गेमच्या सेटिंगमध्ये ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ असतं ना, तिथे खरा आकडा घातलास की पडदा खिडकी होतो. समोरची गाडी खऱ्या गाडीइतकी दिसते, वळण खऱ्या वळणाइतकं दूर दिसतं. लहान मॉनिटरवर खरा आकडा घातला की नळकांड्यातून बघितल्यासारखं होतं, म्हणून बहुतेक जण तो फुगवून ठेवतात. फुगवला की लांबच्या गोष्टी आहेत त्याहून बारीक आणि दूर दिसतात, वेग आहे त्याहून जास्त भासतो, आणि ब्रेक कुठे मारायचा याचा अंदाज दर वेळी थोडा चुकतो. तू म्हणतेस ना, ‘एका लॅपला जमतं, दुसऱ्याला नाही’, त्यात या फुगवलेल्या आकड्याचा हात असू शकतो. मोठ्या पडद्याचं खरं सुख इथे आहे, खरा आकडा घालूनही दोन्ही बाजूंचे कर्ब दिसत राहतात. दीड मीटर आणि १०० इंच असेल तर ‘असेटो कोर्सा’मध्ये ४५ घाल, कारण तिथे उभा कोन विचारतात. ‘आयरेसिंग’मध्ये पडद्याची रुंदी आणि डोळ्यांचं अंतर दिलंस की तो स्वतःच कोन काढून देतो. फॉर्म्युला वनच्या अधिकृत गेममध्ये मात्र नुसता सरकपट्टा असतो, अंश नसतात. तिथे नजरेनेच जुळवायचं.

आता त्या दहा अंशांची किंमत. प्रोजेक्टर फुल एचडी असेल तर आडवे ठिपके १९२०, पडदा कितीही ताण. १०० इंचांवर एक ठिपका सव्वा मिलीमीटरला थोडा कमी, १२० इंचांवर जवळजवळ १.४ मिलीमीटर. दीड मीटरवरून हे ठिपके डोळ्यांना कळतात गं. समज, मोन्झाच्या पहिल्या शिकेनकडे तू सुसाट येते आहेस आणि १५० मीटरवर एक मीटर रुंदीची पाटी आहे. तुझ्या ३२ इंची फुल एचडी मॉनिटरवर खरा कोन ठेवलास तर ती पाटी साधारण बारा-तेरा ठिपक्यांत बसते. १०० इंची पडद्यावर नऊ ठिपक्यांत, १२० इंचीवर सातात. सात ठिपक्यांत आकडा कसा वाचणार तू? पडदा वाढला आणि पाटी पुसट झाली, असा हा उलटा व्यवहार आहे. फोर-के प्रोजेक्टर घेतलास तर १०० इंचांवर हीच पाटी सतरा ठिपक्यांत येते आणि जीव भांड्यात पडतो. म्हणून माझं ऐक. फोर-के परवडत असेल तर १०० इंच. फुल एचडीच घ्यायचा असेल तर ९० इंचांवर थांब. तुझ्या दीड मीटरवर १२० नको. अंतर दोन मीटर मिळत असतं तर मीच म्हटलं असतं, घे बाई १२०, ६७ अंश होतात, छान बसतं. पण तुझ्या खोलीत रिग तेवढी मागे सरकवलीस तर कपाटाचं दार उघडणार नाही.

आणि ‘फोर-के सपोर्टेड’ असं लिहिलेल्या स्वस्त प्रोजेक्टरला भुलू नकोस. त्याचा अर्थ एवढाच, की फोर-के चित्र तो आत घेतो. बाहेर टाकतो ते त्याच्या स्वतःच्या ठिपक्यांत. ‘नेटिव्ह’ किंवा मूळ रेझोल्युशन काय, हे विचार. उजेडाच्या लुमेनचंही तसंच, एएनएसआय (प्रमाणित पद्धतीने मोजलेले) लुमेन किती ते विचार, बाकीचे पाच आकडी दावे सोडून दे.

आता उंची. ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि सगळा खेळ इथेच बिघडतो. सिनेमाचा पडदा आपण भिंतीवर वर लावतो. रिगमध्ये तू जमिनीजवळ बसतेस. डोळे साधारण १०५ सेंटीमीटरवर असतात, फॉर्म्युला पद्धतीची आडवी सीट असेल तर आणखी खाली. गेममधलं क्षितिज चित्राच्या मध्याजवळ येतं, म्हणून पडद्याचा मध्य तुझ्या डोळ्यांच्या रेषेत हवा. १०० इंची पडदा १२४ सेंटीमीटर उंच असतो. म्हणजे खालची कड जमिनीपासून ४३ सेंटीमीटरवर, वरची १६७वर. १२० इंची घेतलास तर खालची कड ३० सेंटीमीटरवर येते. आणि तिथे काय दिसणार आहे तुला? रिगमध्ये बसून बघ, स्टिअरिंगच्या वरच्या कडेवरून तुझी नजर भिंतीवर साधारण ७० सेंटीमीटर उंचीवर जाऊन आदळते. मधल्या भागात त्याच्या खालचं सगळं स्टिअरिंग आणि व्हीलबेसच्या मागे लपतं. १२० इंची पडद्याचे खालचे चाळीस सेंटीमीटर असे वाया जातात, आणि वर काय, तर आभाळ.

म्हणून मी म्हणते, रुंदीवर पैसे घाल, उंचीवर नको. पडदा नेहमीचा १०० इंची घे, पण गेम २१:९ प्रमाणात चालव. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, येऊ देत. चित्र २२१ रुंद आणि ९५ उंच उरेल, खालची कड ५८ सेंटीमीटरवर येईल, आणि कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डावरचा भारही हलका होईल. फक्त उभा कोन मग ४५चा ३५ कर. गेममधले हात आणि स्टिअरिंग बंद कर, तुझे खरे हात आहेत की समोर. सिनेमा बघायचा असेल त्या दिवशी पूर्ण पडदा वापर, घरच्यांचीही तक्रार नको.

बरं, एक गोष्ट आत्ताच मनाशी ठरवून ठेव. सपाट पडदा शेजारची गाडी दाखवत नाही. ७३ अंशांत काय किंवा ८३ अंशांत काय, दाराला दार लावून चाललेली गाडी दिसणार नाही. ती तीन मॉनिटरवर किंवा व्हीआरमध्ये दिसते. त्यासाठी गेममधलं रडार किंवा स्पॉटरचा आवाज चालू ठेव. याच एका गोष्टीसाठी पडदा मोठा करत जाऊ नकोस, त्याला अंत नाही.

आता प्रोजेक्टर कुठे टांगायचा? खरं सांगू का, तुझ्या खोलीत याचं उत्तर सीलिंग फॅन देणार आहे. थ्रो रेशो म्हणजे लेन्स ते पडदा हे अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढंच. रेशो ०.५ असेल, म्हणजे शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर, तर २२१ सेंटीमीटर रुंद चित्रासाठी लेन्स पडद्यापासून ११० सेंटीमीटरवर. म्हणजे प्रोजेक्टर तुझ्या डोक्याच्या पुढे, स्टिअरिंगच्या वर येतो, आणि सावलीचा प्रश्नच उरत नाही. मस्त. पण तुझा पंखा १२ फुटी खोलीच्या मधोमध आहे, भिंतीपासून १८३ सेंटीमीटरवर. १२०० मिलीमीटरचा पंखा असेल तर पात्याचं टोक भिंतीपासून १२३ सेंटीमीटरवर फिरतं. लेन्स ११०वर, प्रोजेक्टरची पेटी तिथून मागे वीस-पंचवीस सेंटीमीटर, आणि त्याला धरणारा पाइप येतो १२०च्या आसपास. तीन सेंटीमीटर अंतर ठेवून कुणी पंखा लावतं का?

पाइप आखूड करून प्रोजेक्टर छताला चिकटवू असं इलेक्ट्रिशियन म्हणेल. म्हणू दे. बहुतेक शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरचं चित्र लेन्सच्या थोडंच खाली सुरू होतं, त्यामुळे चित्राची वरची कड १६७वर हवी तर लेन्स १८०-१९०च्या आसपासच यावी लागते. छताला चिकटवून चित्र खाली ओढायचं म्हणजे कीस्टोन, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र सरळ करणारी सोय, लावावा लागतो. कीस्टोनने ठिपके वाया जातात, काही प्रोजेक्टरमध्ये चित्र उशिराही येतं, आणि तुला उशीर परवडत नाही. २०० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी ५० मिलिसेकंदांत पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते. गेम मोडमध्ये ज्याचा उशीर २० मिलिसेकंदांच्या आत आहे असा प्रोजेक्टर बघ, आणि कीस्टोन शून्यावर ठेव.

मागे टांगायचा पर्यायही आहे. रेशो १.२ असेल तर लेन्स २६५वर, पंख्याच्या पलीकडे. पण मग प्रकाशाची खालची रेषा तुझ्या डोक्यावरून जेमतेम चार-पाच सेंटीमीटर अंतराने जाते. अंबाडा घातलास की पडद्यावर अंबाडा! आणि पडद्याखाली ठेवायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो तुझ्या पेडलशी भांडेल, दोघांना तीच जागा हवी असते. रिगच्या चौकटीलाच खांब उभारून प्रोजेक्टर लावू, असा विचार तर मनातही आणू नकोस. ब्रेक मारलास की रिग थरथरते, आणि तिच्याबरोबर सगळा रस्ता थरथरेल.

माझं मत विचारशील तर पंखाच काढ. त्या जागी बाजूच्या भिंतीवर वॉल फॅन लाव, तोंडावर वारा येईल असा. रिगमध्ये तासभर बसल्यावर वारा अंगावर हवाच असतो, आणि छत मोकळं झालं की प्रोजेक्टर बरोबर जागेवर बसतो. आईला मी समजावते.

उजेडाची काळजी मात्र तू उगाच करते आहेस. सिनेमागृहातल्या पडद्याच्या उजेडाचं प्रमाण आहे ४८ निट. १०० इंची साध्या पांढऱ्या पडद्यावर खरे १००० लुमेन पडले तरी ११५ निटच्या आसपास मिळतात, दुपटीहून जास्त. १२० इंचांवर तेच ८०वर येतात. रात्री, पडदे ओढून खेळणार असशील तर दोन हजार एएनएसआय लुमेनचा प्रोजेक्टर पुरून उरतो. दिवसा गॅलरीचं दार उघडं ठेवून खेळायचं असेल तर बहुतेक प्रोजेक्टर कमीच पडतात, त्यावर जाड पडदा हाच उपाय. आणखी एक काम स्वस्तात होतं. पडद्याच्या आजूबाजूच्या भिंती पांढऱ्या असतील तर पडद्याचा उजेड त्यांच्यावर आपटून परत पडद्यावर येतो आणि काळा रंग राखाडी दिसतो. बाजूच्या दोन्ही भिंतींना पडद्याजवळ गडद, बिनचकाकीचा रंग दे, निदान चार-चार फूट.

पडदा कापडी, मॅट पांढरा, गेन १ (म्हणजे उजेड वाढवून न दाखवणारा), आणि चारही बाजूंनी ताणलेल्या फ्रेमचा घे. खाली ओढायचा गुंडाळी पडदा नको. त्याला लाटा पडतात, कडा वळतात, आणि शॉर्ट थ्रोचा प्रकाश इतका तिरका येतो की एवढीशी लाटसुद्धा रस्त्यात वाकडी दिसते. सरळ रेषेतला कर्ब नागमोडी दिसला तर तू स्टिअरिंग कशाच्या भरवशावर धरणार? जास्त गेनचा चकचकीत पडदा शॉर्ट थ्रोखाली मध्ये उजळ आणि कडांना मलूल होतो. तुझ्या यादीतला तो महागडा, खोलीतला बाकीचा उजेड दाबणारा एएलआर पडदाही खोडून टाक. त्यातले बरेच अल्ट्रा शॉर्ट थ्रोसाठी असतात, खालून येणारा प्रकाश घेतात आणि वरून येणारा गिळतात. तुझा प्रोजेक्टर वर टांगलेला, म्हणजे तो गिळणार तुझाच प्रकाश. भिंतीलाच रंग देऊ म्हणशील तर चालेल, पण आधी रात्री दिवे बंद करून भिंतीवर कडेने टॉर्च मार. पुट्टीचे उंचसखल भाग लगेच दिसतील. दिसले तर कापडच घे.

आणि सुरुवातीला मळमळेल हं. एवढा मोठा पडदा नजर भरून टाकतो, डोळे म्हणतात आपण वळतोय आणि अंग म्हणतं आपण बसलोय. यात तुझं काही बिघडलेलं नाही, पुष्कळांना होतं. पहिले काही दिवस वीस मिनिटांच्या वर बसू नकोस, वारा तोंडावर ठेव, मागे एक मंद दिवा राहू दे. गेममधलं कॅमेऱ्याचं हलणं आणि मोशन ब्लर बंद कर. पोटात ढवळलं की ‘ही एवढी शर्यत संपवते’ म्हणायचं नाही, तिथेच थांबायचं. आल्याची वडी जवळ ठेव. जेवल्या जेवल्या तर अजिबात बसू नकोस, मी बघते आहे.

रविवारी एक काम कर. मास्किंग टेपने भिंतीवर २२१ बाय १२४चा चौकोन आख, खालची कड जमिनीपासून ४३वर. त्याच्या आत ९५ उंचीचा दुसरा आख. मग रिगमध्ये बस आणि दोन्ही कोपऱ्यांकडे मान न वळवता, नुसत्या डोळ्यांनी बघ. स्टिअरिंगवरून काय दिसतं, काय लपतं, ते बघ. शक्य असेल तर एक-दोन दिवस तो चौकोन तसाच राहू दे, येता-जाता नजर पडेल. जड वाटला तर ९० इंचांचा आख, १९९ बाय ११२. एवढं झाल्याशिवाय कार्टकडे जायचं नाही.

आणि हो, ती भिंत इमारतीच्या बाहेरच्या बाजूची आहे का, ते मला आज रात्रीच कळव. पावसाळ्यात तिला ओल येत असेल तर फ्रेम भिंतीला टेकवून लावता येणार नाही. मागे दोन-तीन सेंटीमीटर हवा खेळायला जागा सोडावी लागेल, आणि मग डोळ्यांचं अंतर तेवढं कमी धरून मी तुझा कोन परत काढून देते.